खव्याला पेट्रोलचा वास का लागला?

आज आपण गाडीबद्दल बोलणार आहोत. चारचाकी, पेट्रोलवर चालणारी गाडी. "आमच्याकडं कुठली आलीय चारचाकी" म्हणून रेडिओ बंद करू नका. ज्यांच्या घरी स्कुटी आहे त्यांनाही ही गोष्ट लागू पडते, आणि ज्यांच्या घरी काहीच नाही त्याही कुणाच्या ना कुणाच्या गाडीत बसून बाजाराला, दवाखान्याला जातातच.

गेल्या वर्षी चैत्रात आमच्या गटाच्या गाडीतून बार्शीला पोचवलेला अठरा किलो खवा व्यापाऱ्यानं परत पाठवला. माल नासलेला नव्हता, ओला नव्हता, वजनात कमी नव्हता. व्यापारी म्हणाला, "ताई, खवा एक नंबर आहे, पण ह्याला पेट्रोलचा वास मारतोय. ह्याचा पेढा केला तर गिऱ्हाईक माझ्याच तोंडावर मारंल." आम्ही डब्याचं झाकण काढून नाकाजवळ नेलं. खरंच वास होता. भूमकडच्या बायकांना खव्याचं वेगळं सांगायला नको. स्निग्ध पदार्थ तो, शेजारी जे असेल त्याचा वास ओढून घेतो. कांद्याच्या टोपलीशेजारी ठेवला तर कांद्याचा, आणि पेट्रोलची वाफ भरलेल्या गाडीत ठेवला तर पेट्रोलचा. चार हजारांच्या आसपासचा माल होता. घरी वाटून खायच्याही लायकीचा राहिला नाही.

गाडी आमच्या गटाची. सात सीटची, २०१८ सालची, सेकंडहँड घेतलेली, बँकेच्या कर्जावर. केंद्राची आजीविका ग्रामीण एक्सप्रेस योजना २०१७ साली आली, तेव्हापासून बचत गटानं प्रवासी गाडी चालवायची ही कल्पना कुणाला हसण्यासारखी राहिलेली नाही. तरी आमच्या गावात आमचीच पहिली. पहाटे खवा आणि भाजी, दिवसा सवाऱ्या, नवरात्रात तुळजापूरच्या फेऱ्या, मध्येच रात्री-अपरात्री बाळंतपणाची बाई. चालवणारी ताईही गटातलीच. गाडी एक दिवस उभी राहिली की त्या दिवसाचा हप्ता आमच्या बचतीतून जातो, म्हणून गाडीचं दुखणं म्हणजे घरातल्या माणसाचं दुखणं.

खवा परत आला त्याच महिन्यात हिशेबात दुसरी गोष्ट दिसली. ॲव्हरेज सोळावरून चौदाच्या खाली आलं होतं. गाडीत वास, पेट्रोल जास्त लागतंय, आणि किल्ली एकीच्याच हातात. बैठकीत उघड कुणी बोललं नाही, पण पाठीमागं कुजबुज सुरू झाली की ताई पेट्रोल काढून विकते, कॅनमध्ये काढताना सांडतं म्हणून वास येतो. ही कुजबुज बाहेरच्यांची नव्हती, आमच्यातलीच होती, म्हणून इथं सांगतोय.

तिच्या कानावर गेलंच. पुढच्या बुधवारी ती बैठकीला आली ती एक शंभर पानी वही घेऊन. त्यात सात आठवड्यांच्या नोंदी. सोमवार, टाकी फुल, पंपावरून निघताना गाडी सुरू होईना, रेस दाबून धरून सेल मारला तेव्हा झाली, काळा धूर. मंगळवार, वास जास्त, उभी असताना थरथरते. बुधवार, दुपारी उन्हात उभी केली तर वास. शुक्रवार, वास कमी, पहिल्या सेलला सुरू. पुन्हा सोमवार, तेच. ती एवढंच म्हणाली, "चोरी करणारी बाई वार बघून चोरती का? हे सगळं पेट्रोल भरल्यावरच होतंय, हे तरी बघा."

ती वही हेच ह्या दुखण्याचं पहिलं निदान होतं, फक्त ते वाचायचं कसं हे आम्हाला तेव्हा कळत नव्हतं. गॅरेजवाल्यालाही कळलं नाही. "भरल्यावर सुरू होत नाही म्हणजे पेट्रोलचा पंप गेला" म्हणून त्यानं टाकीतला पंप बदलला. सात हजार रुपये. पुढच्या सोमवारी गाडी पंपावर पुन्हा तशीच अडली. मग मोबाईलवर कुणीतरी व्हिडिओ पाहिला की पेट्रोलच्या वासाला टाकीचं झाकण कारण असतं. झाकण बदललं. काही फरक नाही. शेवटी गटातल्या एका ताईचा मुलगा, आयटीआयला मोटार मेकॅनिकचा कोर्स करणारा, सुट्टीला आला. त्यानं वही वाचली आणि विचारलं, "मावशी, टाकी फुल म्हणजे किती फुल करता?" त्या प्रश्नात सगळं होतं. पण ते समजायला आधी गाडीच्या पोटात काय असतं ते बघू.

पेट्रोल उडतं, हे आपल्याला माहीत आहे. बाटलीचं बूच उघडं राहिलं की आतलं पेट्रोल कमी होत जातं. त्यातले सगळ्यात हलके घटक पस्तीस-चाळीस अंशांनाच उकळायला लागतात, आणि आपल्या धाराशिव जिल्ह्यात वैशाखातली दुपार त्याच्याही वर जाते. म्हणजे उन्हात उभ्या गाडीच्या टाकीत वाफ सतत तयार होतच असते. तिला वाट दिली नाही तर टाकी फुगेल. बाहेर सोडून दिली तर पैसे हवेत, आणि ती वाफ काही साधी नाही. पेट्रोलमध्ये थोडं बेंझिन असतं, आणि बेंझिननं माणसाला कॅन्सर होतो हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं पक्कं मानलेलं आहे. शिवाय ही वाफ उन्हात धुराशी मिसळली की जमिनीलगत ओझोन वायू बनतो, तो छातीला बाधतो. अमेरिकेत लॉस एंजेलिसवर असा धुरकट थर बसायचा. त्यातूनच कॅलिफोर्निया राज्यानं १९७० सालच्या गाड्यांपासून टाकीची वाफ अडवण्याची सक्ती केली. आपल्याकडंही गाडीचं मॉडेल बाजारात येण्याआधी ती बंद खोलीत उभी करून तिच्या अंगातून किती वाफ सुटते ते मोजतात. पुण्याची एआरएआय ही संस्था अशा चाचण्या करते. चारचाकीला त्या सगळ्या चाचणीत मिळून फक्त दोन ग्रॅमची मुभा आहे. दोन ग्रॅम म्हणजे साधारण अर्धा चमचा.

एवढी वाफ अडवायची कशी? कोळशानं. टाकीपासून एक नळी एका काळ्या प्लॅस्टिकच्या डब्यात जाते. त्याला कॅनिस्टर म्हणतात. आत खास भाजून केलेला सच्छिद्र कोळसा असतो. त्याच्या एका ग्रॅममध्ये बारीक छिद्रांच्या भिंती इतक्या असतात की त्या उलगडून पसरल्या तर हजार चौरस मीटरच्या आसपास जागा होईल. आपल्या मापात दहा गुंठे. चिमूटभर कोळशात दहा गुंठे रान! पेट्रोलची वाफ त्या रानात जाऊन चिकटून बसते आणि डब्याच्या दुसऱ्या तोंडातून नुसती हवा बाहेर पडते.

पण रान कितीही मोठं असलं तरी कधीतरी भरणारच. म्हणून डब्यापासून आणखी एक नळी इंजिनाकडं जाते. इंजिन चालू असताना हवा ओढतं, तीच ओढ ह्या नळीला लावलेली असते. बाहेरची हवा डब्यात शिरते, कोळशाला चिकटलेली वाफ सोडवते आणि इंजिनात नेऊन जाळते. म्हणजे वाफही कामी येते. मात्र ही ओढ कधी लावायची ते इंजिनाचा कॉम्प्युटर ठरवतो. थंड इंजिनाला, नुकत्या सुरू केलेल्या गाडीला ही जादा वाफ मानवत नाही. म्हणून मध्ये एक विजेवर उघडणारी छोटी झडप असते, अंगठ्याएवढी, तिला पर्ज व्हॉल्व्ह म्हणतात. वीज नसेल तेव्हा ती बंद असली पाहिजे. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढची सगळी परीक्षा त्याच्यावर आहे.

टाकी, डबा, झडप आणि त्यांना जोडणाऱ्या नळ्या, एवढाच हा कारभार. गॅरेजमध्ये ह्याला इव्हॅप सिस्टिम म्हणतात. डिझेलच्या गाडीला ती लागत नाही, कारण डिझेल असं उडत नाही. सीएनजीच्या गाडीला पेट्रोलची टाकी असेल तर तिला असते.

आता आमच्या गाडीचं काय झालं ते. आमच्या कोषाध्यक्ष ताईंनी सुरुवातीलाच नियम केला होता की दर सोमवारी टाकी गळ्यापर्यंत भरायची. पंपाचं नोझल आपोआप बंद झालं तरी थांबायचं नाही, पेट्रोल तोंडाशी दिसेपर्यंत घालायचं, म्हणजे दर आठवड्याला एकाच खुणेपासून मोजून ॲव्हरेज अचूक निघेल. ताईवर लक्ष ठेवायला केलेला नियम होता तो, खरं सांगायचं तर. पंपावरच्या पोरालाही त्याचीच सवय. पण टाकीत वरची थोडी जागा कंपनीनं मुद्दाम रिकामी ठेवलेली असते. उन्हात पेट्रोल फुगतं त्यासाठी, आणि वाफेला डब्याकडं जायला वाट राहावी त्यासाठी. ती जागा भरली की वाफेच्या नळीतून वाफेऐवजी पेट्रोलच डब्यात उतरतं. कोळसा वाफ धरू शकतो, पेट्रोलची आंघोळ त्याला सोसत नाही. भिजला की तो वाफ धरायचं सोडून देतो आणि हळूहळू त्याचा भुगा होतो. इंजिनाच्या ओढीबरोबर तो भुगा नळीतून झडपेत येऊन बसतो आणि झडप नीट मिटत नाही.

वहीतला सोमवार आता वाचून बघा. टाकी भरताना आतली सगळी वाफ एकदम वर रेटली जाते. उघड्या राहिलेल्या झडपेतून ती थेट इंजिनात शिरते. इंजिनाला हवा कमी आणि पेट्रोल जास्त, म्हणून सेल मारला तरी पेटत नाही. रेस दाबून धरली की हवेचं दार उघडतं, जादा वाफ निघून जाते आणि गाडी काळा धूर सोडत सुरू होते. मंगळवारी भिजलेल्या डब्यातून वास. शुक्रवारपर्यंत टाकी अर्धी, डबा थोडा सुकलेला, गाडी शहाणी. आणि ॲव्हरेजचे दोन किलोमीटर असेच, थोडे रस्त्यावर ठिबकून, थोडे हवेत, थोडे नको तेव्हा इंजिनात जाऊन संपलेले.

तुमच्या गाडीला असं काही वाटलं तर काय बघायचं, ते आता सांगतो. त्याआधी एक गोष्ट. हे काम उघड्यावर, इंजिन गार असताना करायचं. जवळ चूल, विडी, उदबत्ती काही नको. उजेडाला टॉर्च घ्या, काडी ओढून कुणी टाकीत डोकावू नका. कुठलीही नळी तोंडात धरून ओढू किंवा फुंकू नका. पेट्रोल पोटात गेलं तर उलटी करवू नका, ते छातीत उतरतं. सरळ दवाखाना गाठा.

पहिलं, वास कधी येतो ते आठवा, शक्य असेल तर लिहून ठेवा. टाकी भरल्यावर येत असेल तर डबा किंवा डब्याकडची नळी. उन्हात उभी असताना येत असेल तर नळीला चीर, किंवा झाकणाचं रबर. चालू गाडीत सतत येत असेल आणि खाली ओल दिसत असेल तर हा इव्हॅपचा विषयच नाही, पेट्रोलची मुख्य लाईन गळतेय. ती गाडी जागेवरच बंद करा, तशीच चालवत गॅरेजला नेऊ नका.

दुसरं, पंपावर लक्ष द्या. टाकी रिकामी असून नोझल सारखं टक टक करून बंद होतंय का? म्हणजे टाकीतली हवा बाहेर पडायला वाट नाही. डब्याचं हवेचं तोंड बंद झालेलं असतं. आपल्याकडं धूळ आणि काळ्या मातीचा चिखल ही दोन कारणं, आणि तिसरं कारण कुंभारीण माशी. ती मातीचं घरटं करायला असलंच भोक शोधते. झाकण उघडताना थोडी फुस्स होते, ते चालतं. पण आत ओढल्यासारखा मोठा आवाज येत असेल, झाकण ओढून निघत नसेल, तर हे तोंड तपासायलाच हवं. ते साफ करायचं म्हणजे माती काढून टाकायची. पाण्याचा पाईप लावून डबा धुवायचा नाही. धुतला की कोळसा गेलाच.

तिसरं, नळ्या. टाकीपासून डब्यापर्यंत आणि डब्यापासून इंजिनापर्यंत हात फिरवा. रबर उन्हानं कडक होतं, वाकवलं की बारीक चिरा दिसतात. आणि उंदीर. गोठ्याशेजारी, ज्वारीच्या पोत्यांशेजारी गाडी लावत असाल तर उंदरानं नळी कुरतडली नाही असं धरूनच चालू नका. बदलताना पेट्रोलसाठीचीच नळी मागून घ्या. घरात पडलेली गॅसची नाहीतर औषध फवारायच्या पंपाची नळी लावू नका, ती पेट्रोलनं फुगते नाहीतर विरघळते.

चौथं, झडप. ती इंजिनाजवळ असते, दोन बारीक नळ्या आणि दोन तारांचा एक प्लग, अशी खूण. इंजिन पूर्ण गार असताना सुरू करा. झडपेला डब्याकडून येणारी नळी काढा आणि झडपेच्या त्या उघड्या तोंडावर बोट ठेवा. थंड इंजिनाला ओढ लागता कामा नये. बोट ओढलं जात असेल तर झडप उघडी अडकलेली आहे. चालत्या पट्ट्यापासून पदर, ओढणी, वेणी लांब ठेवा, एकीनं टॉर्च धरा, एकीनं बोट. खात्री करायची तर इंजिन बंद करून झडप काढून घ्या. जनावरांच्या डॉक्टरकडं मिळते तसली मोठी सिरिंज, सुई नसलेली, तिच्या तोंडाला रबरी नळीचा तुकडा लावा आणि झडपेत हवा रेटून बघा. वीज नसताना हवा पलीकडं जायला नको. आमच्या झडपेतून सरळ जात होती. उलटी करून तळहातावर आपटली तर मेंदीच्या पुडीसारखे काळे कण पडले. त्या दिवशी बैठकीतल्या सगळ्यांनी तो तळहात पाहिला.

उलटंही होतं. झडप बंदच राहते, कधी उघडतच नाही. मग डबा रिकामा होत नाही, भरून वाहतो आणि वास येतो. हे सिरिंजनं कळणार नाही, त्याला इलेक्ट्रिशियन लागतो. तो मीटर लावून झडपेची कॉइल बघेल. बहुतेक गाड्यांत ती वीस-तीस ओहमच्या आसपास असते. मीटर काहीच दाखवत नसेल तर कॉइल जळाली.

आता डॅशबोर्डवरच्या पिवळ्या इंजिनाच्या दिव्याबद्दल. आमच्या गाडीचा दिवा कधी लागलाच नाही. गॅरेजवाल्यानं स्कॅनर लावला तोही स्वच्छ आला, आणि म्हणूनच तो पंपाच्या मागं लागला. अमेरिकेतल्या गाड्या स्वतःच टाकीची गळती तपासतात, झाकण ढिलं राहिलं तरी त्यांचा दिवा लागतो. झाकण बदला म्हणून सांगणारे व्हिडिओ बहुतेक त्या गाड्यांचे असतात. आपल्याकडचे नियम युरोपच्या धर्तीवर आहेत. त्यात झडपेची वीज जोडलेली आहे की तुटलेली, एवढं बघणं पुरेसं धरतात. झडप भुग्यानं अडकली तरी तार शाबूत असते, मग कॉम्प्युटरच्या लेखी सगळं ठीक. त्यामुळं पी ०४४३, पी ०४४४ किंवा पी ०४४५ असा कोड आला तर झडपेची तार, प्लग, कॉइल बघा. उंदरानं तार तोडली असेल तरी हेच कोड येतात. पी ०४४२ किंवा पी ०४५५ आला तर गाडी गळती तपासणारी आहे, आधी झाकण घट्ट करा. आणि कोड नाही म्हणजे दोष नाही, असं नव्हे. पीयूसीचंही तेच. पीयूसीवाला सायलेन्सरचा धूर मोजतो, टाकीची वाफ मोजत नाही. आमच्या गाडीकडं त्या सगळ्या काळात चालू तारखेचं पीयूसी होतं.

पाचवं, डबा. काढून हलवला आणि आत खुळखुळ्यासारखा आवाज आला, किंवा तोंडातून पेट्रोल ठिबकलं, तर तो गेला. नुसता वाफेनं जड झाला असेल तर नवी झडप बसवल्यावर काही दिवस गाडी चालून तो आपोआप मोकळा होतो. पण झडपेत भुगा सापडला असेल तर एकटी झडप बदलून भागत नाही, महिन्याभरात नवीही अडकते. ह्यावर आमच्यात वाद झाला. निम्म्याजणी म्हणाल्या, सात हजार पाण्यात गेलेत, आता फक्त झडप घ्या. शेवटी डबा, झडप आणि चिरलेली एक नळी, तिन्ही बदलली. डब्याकडून येणारी नळी हवेनं झाडून घेतली, नाहीतर तिच्यातला उरलेला भुगा नव्या झडपेत गेला असता. मुलानं मजुरी घेतली नाही. सगळं मिळून साडेचार हजारांच्या आत. गॅरेजवाल्याला आम्ही फार दोष देत नाही. दिवा नाही, कोड नाही, त्यानं अंदाज केला. पण ताईची वही आम्ही त्याच्यासमोर ठेवली असती तर कदाचित त्यानंही वेगळा अंदाज केला असता. आम्ही वही घरी ठेवून गेलो होतो.

जुना डबा आम्ही चुलीकडं जाऊ दिला नाही, हेही सांगून ठेवतो. एका मावशींनी विचारलंच होतं, "कोळसाच हाय की आत, पेटवाया चालंल का?" पेट्रोल प्यालेला कोळसा तो. गॅरेजच्या भंगारात दिला.

पेट्रोल आता पूर्वीचं राहिलेलं नाही, हेही ध्यानात असू द्या. २०२३ पासून पंपांवर वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल यायला लागलं. ते इथेनॉल उसाच्या मळीपासून, रसापासून, मक्यापासून होतं. आपल्या जिल्ह्यातल्या कारखान्यांना घातलेला ऊस असा फिरून आपल्याच टाकीत येतो, ह्याची गंमत वाटते. पण इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं आणि जुन्या गाडीच्या रबराला ते सोसेलच असं नाही. पाच-सात वर्षांपेक्षा जुनी गाडी असेल तर नळ्या आणि झाकणाचं रबर वर्षातून एकदा, पाडव्याच्या आसपास, उन्हाळा तापायच्या आधी बघून घ्या.

स्कुटीवाल्या मैत्रिणींनो, एप्रिल २०२० नंतर निघालेल्या, म्हणजे बीएस सहाच्या स्कुटीलाही असाच छोटा कोळशाचा डबा असतो. तिच्यातही नोझल बंद झाल्यावर आणखी घातलेलं पेट्रोल त्याच डब्यात जातं. सीटखाली वास, भरल्यावर लगेच सुरू न होणं, उभी असताना बंद पडणं, ही लक्षणंही तीच. पंपावरचा पोरगा "राउंड करू का ताई?" म्हणेल. शंभराला दहा रुपये कमी म्हणून तो वीस पैशांपर्यंत खेळत बसतो. नको म्हणायचं. ठरावीक रुपयांचं भरायचं असेल तर टाकी भरायच्या आतलाच आकडा सांगा, आणि फुल करायची तर पहिल्या टकला थांबवा.

राहिला ॲव्हरेजचा हिशेब. कोषाध्यक्ष ताईंचा गळ्यापर्यंतचा नियम आम्ही ठराव करून रद्द केला. आता पंपाची प्रत्येक पावती वहीत चिकटवतो, तिच्यावर लिटर असतात, शेजारी त्या वेळचे किलोमीटर लिहितो. महिन्याच्या शेवटी चाललेले किलोमीटर भागिले भरलेले लिटर. एका आठवड्यात थोडं मागं-पुढं दिसतं, महिन्यात ते मिटून जातं. गेल्या तीन महिन्यांत पंधराच्या खाली आलेलं नाही. ज्या बैठकीत हा ठराव झाला त्याच बैठकीत आम्ही ताईची माफी मागितली, आणि इतिवृत्तात तसं लिहिलं. ती म्हणाली, इतिवृत्तात असू द्या, पण पावत्या चिकटवायला डिंक गटाच्या खर्चातून द्या, आतापर्यंत मी घरचा वापरला.